दर शनिवारी पुसलेला चेहरा

संग्रहालयाचं पत्र आलं तेव्हा मावशींना वाटलं, आपल्यावर काहीतरी आळ आला. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या घरात काम केलेल्या बाईच्या हातात शिक्क्याचा लिफाफा पडला की तिला दुसरं काय वाटणार? त्यांनी तो न फोडताच काकांच्या पुढे धरला. काका म्हणजे मावशींचे यजमान. एका मोठ्या कचेरीत त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. दिवसभर त्या पेटीत उभं राहून लोकांना वर-खाली नेता नेता त्यांची बोलायची सवयच सुटली होती. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घातली.

"चित्राबद्दल विचारायचंय त्यांना," ते म्हणाले. "गुरुवारी गाडी पाठवतायत."

"गाडी?" मावशी म्हणाल्या. "मग नक्कीच काहीतरी भानगड आहे."

भानगड अशी होती. मावशी ज्यांच्याकडे कामाला होत्या त्या थोरल्या बाई आदल्या वर्षी वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर पुतण्याकडे गेलं आणि पुतण्याला त्या घरातल्या टीव्हीखेरीज कशाचंच कौतुक नव्हतं. दिवाणखान्यातलं मोठं तैलचित्र तो भंगारात काढणार होता, पण कोणीतरी शहाण्या माणसाने त्याला संग्रहालयात दाखवून यायला सांगितलं. तिथले लोक चित्र पाहून हरखून गेले. चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं. त्यात राजा नाही, लढाई नाही, कुणा सरदाराची बायको नाही. साध्या घरातला इस्त्रीचा दिवस तेवढा आहे. एक बाई बाह्या सारून इस्त्री करतेय, दुसरी खिडकीशी बसून मोजे रफू करतेय, कोपऱ्यात म्हातारा खुर्चीत पेंगतोय, त्याच्या पायाशी मांजर. आणि उंबरठ्यावर पाचेक वर्षांची एक मुलगी, हातात चिमट्यांची टोपली, मान वळवून आपल्याकडे बघतेय. असल्या चित्रांना म्हणे आता फार मान आहे. जितीजागती असताना ज्या माणसांना कोणी दाराच्या आत घेत नाही, ती रंगात उतरली की त्यांना गारेगार खोली आणि राखणीला पहारेकरी मिळतो. असो. संग्रहालयाने चित्र घेतलं, हे बरंच झालं.

मावशी त्या घरात कामाला लागल्या त्याच्या दीड वर्ष आधी त्यांची मुलगी गेली होती. टिल्ली म्हणायचे तिला. एकुलती एक. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. पाच वर्षं पुरी व्हायला महिना कमी होता. तिचा एकही फोटो नव्हता. शाळेत घालताना काढू, नवा फ्रॉक शिवू आणि काढू, असं ठरलं होतं. काढू काढू म्हणता राहूनच गेलं. तिच्यामागे दुसरं मूल झालं नाही.

मावशींनी एक विचित्र गोष्ट केली. टिल्लीबद्दल बोलायचं नाही, असं त्यांनी काकांना निक्षून सांगितलं. पहिल्या महिन्यात काका एकदा जेवताना म्हणाले, "ती असती तर आत्ता सांडलवंड केली असती," तर मावशी ताटावरून उठून गेल्या. त्यानंतर काकांनी तो विषय काढला नाही. मुळात ते बोलणारे नव्हतेच, त्यात हे निमित्त मिळालं. घरात तिचं नाव निघेनासं झालं. लोकांना वाटायचं, बघा कशी सावरली दोघं. कसली सावरलीत!

थोरल्या बाईंकडे पहिल्या दिवशी मावशी दिवाणखाना झाडायला गेल्या आणि हातात झाडू धरून उभ्याच राहिल्या. दिसायला चित्रातली मुलगी टिल्लीसारखी होती का? मुळीच नाही, त्या दिवशी तरी मावशींना तसं काही वाटलं नव्हतं. वय तेवढं सारखं होतं. आणि हाक मारल्यावर मान वळवून बघण्याची ती तऱ्हा. पण ज्या बाईचं घर दीड वर्ष मुकं होतं, तिला एवढं पुष्कळ झालं.

त्या घरात चित्र पुसायची एक पद्धत होती, थोरल्या बाईंच्या सासूपासून चालत आलेली. कच्चा बटाटा मधोमध कापायचा, कापलेल्या बाजूने चित्रावरून हलका हात फिरवायचा, मग ओलं फडकं, मग कोरडं. वर्षातून दोनदा. मावशींनी ही पद्धत नीट शिकून घेतली आणि वर्षातून दोनदा अख्खं चित्र पुसलं. पण शनिवारी थोरल्या बाई बहिणीकडे जायच्या. त्या गेल्या की मावशी स्टुलावर चढायच्या आणि त्या मुलीचा चेहरा तेवढा पुसायच्या. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून, ओलं करून, आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. खेळून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं. पुसता पुसता तिच्याशी बोलायच्या. "कुठे लोळून आलीस गं? बघ किती काळी झालीस." घरी जे तोंडातून निघत नव्हतं ते सगळं इथे स्टुलावर निघायचं. एकही शनिवार चुकला नाही. चौतीस वर्षं!

शेवटच्या काही वर्षांत चेहरा फिका दिसू लागला. मावशींना मोतीबिंदू झाला होताच. सगळंच फिकं दिसत होतं, त्यात हेही. ऑपरेशन झालं ते थोरल्या बाई गेल्यावर, घराला कुलूप लागल्यावर. त्यामुळे नव्या डोळ्यांनी चित्र पाहायचं राहिलं होतं.

ते त्यांनी गुरुवारी पाहिलं.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे स्पिरिटचा वास येत होता. टेबलावर कापसाचे बोळे, छोट्या बाटल्या, दात कोरायच्या काड्यांसारख्या काड्या, आणि लांब दांड्याचा दिवा. चौकटीतून काढलेलं चित्र टेबलावर उताणं ठेवलं होतं. पांढरा कोट घातलेली, डोळ्याला भिंग लावलेली एक बाई त्यावर वाकली होती. चित्रं दुरुस्त करणं हे तिचं काम. मावशींनी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं डॉक्टरीण. शेजारी संचालक उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भल्या माणसाचं हसू होतं आणि कपाळावर घाई होती.

मावशी टेबलाजवळ गेल्या. इस्त्रीवाली बाई लख्ख दिसली. मांजराच्या मिशासुद्धा दिसल्या. या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. मग त्यांनी उंबरठ्याकडे पाहिलं. दोन पाय होते, फ्रॉक होता, टोपली होती. कॉलरच्या वर केस होते, आणि केसांच्या मधोमध तपकिरी डाग. बाकी काही नाही.

मावशींनी टेबलाची कड धरली.

"हे कधी झालं?" संचालकांनी विचारलं. "पुतण्यांना काही सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

"मी केलं," मावशी म्हणाल्या. "मी पुसायचे. दर शनिवारी."

"कशाने?"

"बटाट्याने. आणि फडक्याने."

संचालक खुर्चीत बसले. "बटाट्याने," ते एकदा म्हणाले, आणि पुन्हा एकदा म्हणाले. डॉक्टरीण मात्र रागावली नाही. तिने विचारलं, कच्चा की उकडलेला, किती वेळ चोळायचात, पाणी गार की कोमट, आणि सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "बटाटा तसा फार वाईट नाही. पण हात फार वेळा फिरला. रंगाचा थर कागदाहून पातळ असतो, मावशी. कुणाचं लक्ष जात नाही इतका थोडा थोडा गेला असणार."

मावशी रडल्या नाहीत. त्यांना लाज वाटली, एवढंच. ज्या पोरीवर इतकी माया केली तिचं तोंडच आपण पुसून टाकलं, हे त्यांच्या नीट ध्यानात यायला वेळ लागला.

संचालकांना चेहरा हवा होता. दोन महिन्यांनी दालन उघडायचं होतं, भिंतीवरच्या मोठ्या जाहिरातीत हीच मुलगी घालायची होती. "लोकांना चेहरा लागतो हो," ते म्हणाले. "डाग बघायला कोण येणार?" डॉक्टरीण म्हणाली, मनाचा चेहरा मी काढणार नाही. ती मुलगी कशी होती हे कोणी खात्रीने सांगितलं, तर पुढे कधीही पुसता येईल अशा रंगात काढीन, आणि तसं चित्राखाली लिहीन. मग ती मावशींकडे वळली.

"तिला तुमच्याइतकं कोणीच पाहिलेलं नाही. कशी होती ती? सावकाश आठवा."

मावशींनी डोळे मिटले. प्रामाणिकपणे मिटले, हे मी पैजेवर सांगतो. चित्रातल्या मुलीला त्यांनी मनात हाक मारली, आणि आली टिल्ली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टिल्लीच. चित्रातली पोर काही केल्या येईना. आणि मग मावशींच्या मनात पाप आलं. त्या स्वतःच त्याला पाप म्हणत होत्या, म्हणून मीही म्हणतो. जिचा साधा फोटो नाही, जिचं नाव घरात निघत नाही, ती इथे कायमची राहील. गार खोलीत राहील. तिच्यासमोर माणसं थांबतील. आपण आज आहोत, उद्या नाही. आपल्यामागे तिला ओळखणारं कोण आहे?

"सांगते," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कागद-पेन्सिल घेतली. मावशी सांगत गेल्या. कपाळ मोठं. नाक सरळ, वयाच्या मानाने लांबसं. डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर, जशी काही कायम विचारतेय की खरंच का? खालचा ओठ आत दुमडलेला. हनुवटीला खळी, करंगळीचं टोक बसेल एवढी. डॉक्टरीण काढायची, दाखवायची, खोडायची. "गाल इतके भरलेले नाहीत, बाई." "डोळे अजून थोडे लांब." दीड तास गेला. शेवटी तिने कागद सरळ धरला. छत्तीस वर्षांनी पोर समोर आली होती. आता मात्र त्या रडल्या, अगदी ढसाढसा. त्यांना अपराधी वाटतंय असं समजून डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला.

घरी येईपर्यंत मावशींनी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण चहाचा कप काकांपुढे ठेवता ठेवता त्या बोलून गेल्या.

"अहो, मी त्यांना टिल्ली सांगितली."

काकांनी मान वर केली. ते नाव या घरात किती वर्षांनी उच्चारलं गेलं होतं! मावशींनी सगळं सांगितलं, बटाट्यापासून कागदापर्यंत. काका ऐकत राहिले.

"दुसऱ्याच्या चित्रात?" ते शेवटी म्हणाले. "हे बरोबर नाही गं."

"नसू दे."

चहा गार झाला. मग काकांनी विचारलं, "नीट आठवलं तुला?"

"जशीच्या तशी. कागदावर बघून माझा जीव गलबलला."

काका उठले, खिडकीशी गेले, परत आले. "झालं की मला ने," ते म्हणाले. "मलाही बघायचीय."

पुढचे तीन आठवडे त्या घराला निराळीच कळा आली. दोघं बोलत अजूनही नव्हती, पण गप्प बसण्यातला ताण गेला होता. काकांनी ठेवणीतला शर्ट काढला, त्याचं तुटलेलं बटण स्वतः लावलं. बूट पॉलिश केले. एक दिवस विचारलं, तिथे खुर्च्या असतात का, की उभ्यानेच बघायचं? मावशी म्हणाल्या, बाक असतो. काका म्हणाले, मग बसू निवांत. मावशींना वाटलं, आपण केलं ते पाप असेल तर असू दे, वर जाऊन भोगू.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाजातून आनंद नुसता ओसंडत होता. "मावशी, लगेच या. तुम्हाला एक गंमत दाखवायचीय."

खोलीत संचालकही होते. या वेळी त्यांनी मावशींना स्वतः खुर्ची दिली. टेबलावर पेन्सिलीचं चित्र होतं, आणि त्याच्या शेजारी मोठा करून छापलेला काळा-पांढरा फोटो. पुतण्याला माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुना अल्बम सापडला होता. थोरल्या बाई नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या तेव्हा दिवाणखान्यात काढलेला घरच्या माणसांचा फोटो. मागे भिंतीवर चित्र. तेवढाच भाग मोठा करून घेतला होता.

"बघा!" डॉक्टरीण म्हणाली. "खळीसकट! भुवई बघा. ओठ बघा. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण अशी आठवण कुणाची पाहिली नाही. तंतोतंत, मावशी!"

फोटोत चिमट्यांची टोपली घेतलेली मुलगी मान वळवून बघत होती. मोठं कपाळ, सरळ लांबसं नाक, डावी भुवई वर. हनुवटीला खळी.

मावशींच्या मनात पहिल्यांदा आलं ते अगदी वेड्यासारखं. टिल्ली या फोटोत कशी आली?

"हा कधीचा आहे, बाई?"

"तुम्ही त्या घरात गेलात त्याच्या वीस वर्षं तरी आधीचा."

वीस वर्षं आधी टिल्ली कुठून असणार? मावशी फोटोकडे बघत राहिल्या, मग पेन्सिलीच्या चित्राकडे, मग पुन्हा फोटोकडे. कागदावर होती ती टिल्ली नव्हती. टिल्ली म्हणून त्या इतकी वर्षं जिला मनात बघत होत्या, भाजी निवडताना, पाणी भरताना, देवळासमोरून जाताना, ती ही होती, रंगातली, कुणा परक्याची. दर शनिवारी पुसता पुसता हिचा चेहरा मनात शिरला आणि तिथे आधी होती ती केव्हातरी मुकाट्याने निघून गेली. कुठल्या वर्षी गेली, हेही मावशींना कळलं नव्हतं. पोर एकदा तापाने गेली तेव्हा निदान त्या उशाशी होत्या. दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्या स्टुलावर उभ्या राहून भलत्याच मुलीचं तोंड पुसत होत्या.

"खाली तुमचं नाव लिहिणार आहोत," संचालक म्हणाले. "तुमच्यामुळे खात्री झाली म्हणून."

"नको," मावशी म्हणाल्या.

"अहो, असं कसं?"

"नको म्हटलं ना, साहेब." त्यांचा आवाज इतका चढला की डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं. मावशींनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही फार चांगल्या आहात हो. काढा चेहरा. तिचाच आहे." त्यांनी गाडी नाकारली आणि पायी घरी गेल्या. दुपारच्या उन्हात तासभर लागला.

काका दारातच होते. "झालं?" त्यांनी विचारलं. "कधी जायचं?"

मावशी पायरीवरच टेकल्या. त्यांनी काकांना फोटो सापडल्याचं सांगितलं. चित्रातली जी मूळची मुलगी तिचाच चेहरा काढणार आहेत, आपली नाही, एवढं सांगितलं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"अहो, तिचं नाक कसं होतं?"

काका चमकले. छत्तीस वर्षं जो दरवाजा बंद ठेवायला लावला होता तो बायकोनेच उघडला होता. ते हळूच पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"बसकं," ते म्हणाले. "माझ्या आईचं. तू चिडायचीस ना, सगळं तुमच्याकडचंच उचललंय म्हणून." आणि मग न बोलणारा तो माणूस बोलत सुटला. भुवया मधे जुळलेल्या होत्या. पुढचा एक दात अर्धा तुटला होता, याच पायरीवरून पडली होती. उजवा कान बाहेर आलेला, टोपी घातली की हमखास दिसायचा. हसली की डोळे पार मिटून जायचे. हनुवटी? हनुवटी कसली, गुबगुबीत नुसती, मानेत बुडालेली. काकांपाशी बघायला कुठलं चित्र नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यांच्याजवळ ती होती तशी राहिली होती.

मावशी एकेक शब्द झेलत होत्या. डोळे मिटून त्यांनी ते बसकं नाक बसवून पाहिलं, जुळलेल्या भुवया लावून पाहिल्या. शेजारच्या कुणाच्या तरी मुलीबद्दल ऐकावं तसं सगळं ऐकू येत होतं आणि दिसत काहीच नव्हतं. शेवटी आली ती टोपलीवालीच, एक भुवई वर करून.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.

काकांनी अजून सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. इतका मोकळा मावशींनी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"मी बोलायचो नाही," ते म्हणाले, "कारण म्हटलं, तुला सगळं आठवतंच आहे, उगीच कशाला दुखवा. आणि ते चित्राचं झालं नाही तेच बरं झालं बघ. लोकांपुढे कशाला ती? आपली आपल्यापाशी आहे की."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आहे की."